गोलकीपरला शून्य

नांदेडच्या फुटबॉल स्पर्धेत तीन सामन्यांत आम्ही अठरा गोल खाल्ले. परभणीनं चार घातले, बीडनं पाच, आणि शेवटच्या दिवशी नांदेडनं नऊ. नववा गोल झाला तेव्हा नांदेडच्या लोकांनी ओरडायचंसुद्धा सोडून दिलं होतं. एक म्हातारा माझ्याजवळ आला आणि पाठीवर हात ठेवून म्हणाला, "नया जिल्हा है मियां, सीख जाते, सीख जाते." तो चांगल्या मनानं बोलला, पण मला ते शिवीसारखं लागलं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा दुसरं वर्ष होतं. त्याआधी आमची पोरं उस्मानाबादच्या नावानं खेळायची. या वेळी पहिल्यांदा शर्टाच्या पाठीवर लातूर असं लिहिलेलं होतं. एसटीत बसताना पोरं एकमेकांच्या पाठी बघत होती. संघाचा व्यवस्थापक मी. माझं गंजगोलाईच्या बाजारात बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं, दुकान आहे, फुटबॉलचं शिक्षण वगैरे काही नाही. पण निजामाच्या काळात मी हैदराबादला मामाच्या दुकानात कामाला होतो आणि तिथं चार वर्षं पुढच्या फळीत खेळलो होतो. लातुरात एवढंही खेळलेला दुसरा कुणी नव्हता, म्हणून मला नेमलं.

स्पर्धेच्या तीन आठवडे आधी माझी बायको उमाबाई वारली. दोन दिवस ताप आला आणि गेली. आम्ही लिंगायत. आमच्यात सुतक पाळत नाहीत, त्यामुळे जायला अडचण नव्हती. तिची धाकटी बहीण कमलम्मा शेजारच्या गल्लीत राहते. ती म्हणाली, "जाऊन या दाजी. घरात बसून काय करणार?" म्हणून गेलो. त्या तीन आठवड्यांत मी मैदानाकडं फिरकलो नव्हतो. तसा सरावही बंदच होता. पाऊस लागोपाठ दोन वर्षं नव्हता आणि मैदानावर पाण्याचे टँकर उभे राहायला लागले होते.

परत आल्यावर क्रीडा अधिकारी शेषेराव साहेबांनी मला कचेरीत बोलावलं.

"वीरण्णा, अठरा?"

"हाव साहेब."

"मला वरून विचारणा झालीय. प्रत्येक खेळाडूचा अहवाल द्या. दहापैकी गुण आणि पुढं शेरा. कुणाचीही भीड धरू नका. त्यातूनच नावं औरंगाबादला जाणार."

त्या नावांना किंमत होती. औरंगाबादला मराठवाड्याच्या संघाची निवड होणार होती. तिथून राज्याचा संघ, आणि नशीब असलं तर राष्ट्रीय स्पर्धा. एवढं लांबचं सोडा, पण मराठवाड्याच्या संघात जो गोलकीपर येईल त्याला पोलीस आपल्या संघात घेणार होते. म्हणजे नोकरी. आमचा गोलकीपर बसवंत रेणापूरचा. त्याला पुढच्या महिन्यात तेवीस पूर्ण होत होती. त्यानंतर त्याचा अर्ज चालणार नव्हता. स्पर्धेआधी मी सगळ्यांना सांगत होतो, आमच्या संघातून एक जण नक्की जाणार, तो म्हणजे बसवंत.

अहवाल मी एका बैठकीत लिहिला. काही शेरे अजून पाठ आहेत.

शिवप्पा, मधला खेळाडू. सहा. पळतो चांगला, बोलतो जास्त. पंचांना मामा म्हणाला.

सिद्धराम, डावी बाजू. चार. नांदेडच्या मैदानावर गवत बघून बूट काढून बसला. खेळ सुरू झाल्याचं त्याला सांगावं लागलं.

मलप्पा, उजवी बाजू. तीन. सामन्याआधी तांब्याभर पाणी प्याला, मध्यंतरात आणखी दोन तांबे. मग पळता येईना. पाणी दिसलं की पिऊन घ्यायची सवय लागली आहे, त्याला एकट्याला दोष नाही.

खरंच होतं ते. नांदेडजवळ विष्णुपुरीकडं नदीला पाणी होतं. आमची पोरं पहिल्या दिवशी काठावर जाऊन नुसती बघत उभी राहिली होती.

मागच्या फळीतल्या दगडोबाला पाच दिले, बाकीच्यांना चार-चार, पाच-पाच. शेवटी बसवंतचं नाव आलं.

मला त्याचं काही समजतच नव्हतं. हाच मुलगा लातूरच्या मैदानावर, भेगा पडलेल्या काळ्या मातीवर, चेंडूमागं अंग टाकून द्यायचा. कोपरं रक्तानं भरायची. उठायचा, माती झटकायचा, पुन्हा पडायचा. आणि नांदेडला मऊ गवतावर तो पडायलाच तयार नव्हता. डावीकडं चेंडू आला की उभाच. पाय पुढं करायचा, नाहीतर मान वळवून चेंडू आत जाताना बघायचा. एक हात सारखा छातीशी.

शिवप्पा मैदानातूनच ओरडला होता, "बसवंता, लग्नातल्या जावयासारखा काय उभा राहिलास रं! आहेराची वाट बघायलास का?"

मध्यंतरात मी त्याचा दंड धरून विचारलं होतं, "पडत का न्हाईस? गादी हाय खाली, गादी!"

"हाव आप्पा," तो म्हणाला आणि पुढच्या अर्ध्या डावात पाच गोल उभ्यानं खाल्ले.

मी लिहिलं: बसवंत, गोलकीपर. शून्य. घाबरतो. अंग राखून खेळतो. पुढं खेळवू नये.

लिहिताना वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. घरात तीन आठवडे कुणावर रागवायला माणूस नव्हतं.

शुक्रवारी अहवाल कचेरीत दिला. साहेब म्हणाले, सोमवारी जीप औरंगाबादला जाते, तिच्याबरोबर पाठवतो.

रविवारी सकाळी माझ्या शर्टाचं बटण तुटलं. सुईदोरा उमाबाईच्या शिलाई मशीनच्या खणात असतो हे मला माहीत होतं, पण तो खण मी कधी उघडला नव्हता. उघडला. वर रिळं होती, कात्री होती, खडू होता. त्यांच्याखाली एक पट्टा होता.

चार बोटं रुंद, खाकी कापडाचा. दोन्ही टोकांना नाड्या. मधोमध एक छोटी दुहेरी पिशवी शिवलेली, तिच्या दोन थरांमध्ये कापूस ठासून भरलेला. त्या थरांची एक बाजू शिवायची राहिली होती. तिथं सुई टोचलेली होती, दोऱ्यासकट. कापड मी ओळखलं. माझ्या जुन्या पॅन्टचं होतं. ती पॅन्ट भांडी घेणाऱ्या बाईला दिली असं तिनं मला सांगितलं होतं.

मला वाटलं माझ्यासाठीच काहीतरी करत होती. माझा खांदा थंडीत दुखतो. मी तो पट्टा खांद्याला लावून बघितला. बसेना. तसाच हातात घेऊन कमलम्माकडं गेलो.

ती जोंधळे निवडत होती. पट्टा बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"हे कुठं सापडलं तुम्हाला?"

"मशीनच्या खणात. काय हाय हे?"

"बसवंतचं हाय की दाजी ते. गोलकीपरचं."

"त्याचं हिच्याकडं काय?"

"लिंग बांधायचा पट्टा हाय. अक्का दोन वर्षं झाली शिवून देत होती त्याला. तुम्हाला ठाऊक न्हाई?"

मी उभाच राहिलो. कमलम्मानं पाट सरकवला तरी बसलो नाही.

आमच्यातला माणूस गळ्यात इष्टलिंग घालतो. लहानपणी जंगमस्वामी ते देतात, आणि नंतर ते अंगावरून उतरवायचं नाही. झोपताना नाही, आजारपणात नाही. माणूस गेला तरी नाही. उमाबाईला मातीत बसवलं तेव्हा तिचं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं होतं. माझ्या हातानं मी ठेवलं होतं. ते फुटलं तर आमच्यात फार मोठी गोष्ट मानतात. जुनी माणसं म्हणायची, लिंग फुटलं तर माणसानं मागं जिवंत राहू नये.

मी पुढं खेळायचो. पुढच्या खेळाडूला छातीवर आपटायचं कारण पडत नाही. गोलकीपरचं कामच ते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. उमाबाईच्या डोक्यात आलं होतं.

"ती एकदा तुमचा डबा घेऊन मैदानावर आली होती," कमलम्मा सांगत होती. "हा पोरगा गळ्याला हात लावत लावत पडायला होता. हिनं त्याला बोलावून विचारलं. मग स्वामींना विचारून आली. नाभीच्या वर कुठंही बांधलं तरी चालतं म्हणाले. मग हिनं काखेजवळ दंडाला बांधायचा पट्टा काढला. कापूस किती घालायचा ते कळंना, तर पापड ठेवून बघायची."

"पापड?"

"पिशवीत उडदाचा छोटा पापड घालायची अन् भिंतीवर दाणदाण आपटायची. पापड तुटला की अजून कापूस. मी हसून हसून मेले होते. म्हणलं अक्का, पापडाचं इंजिनेर झालीस की तू!"

तो आवाज मला माहीत होता. दुपारच्या वेळी दुकानामागून, आमच्या घरातून यायचा. मला वाटायचं ती काहीतरी कुटतेय. आणि त्या दिवसांत माझ्या ताटात पापड तुटके यायचे. मी एकदा विचारलंही होतं, हल्ली पापड अख्खा का नसतो म्हणून. ती म्हणाली होती, उन्हानं तडकतात.

"मला का सांगितलं न्हाई तिनं?"

"तुम्ही पापडाचं विचारलं. पट्ट्याचं कुठं विचारलं?" कमलम्मा म्हणाली. मग सूप उचलत म्हणाली, "संघाचं तुम्ही बघता. बाईमाणसानं त्यात हात घातला तर लोक तुम्हाला हसतील म्हणायची."

मी दुपारच्या एसटीनं रेणापूरला गेलो. टँकर आलेला होता. बसवंत रांगेत होता, दोन घागरी घेऊन. मला बघून त्यानं मान खाली घातली. मी पिशवीतून पट्टा काढला. त्यानं घागरी जागेवर ठेवल्या आणि रांग सोडून आला.

"काकूंनी नवा कापूस भरला?"

"भरला. एक बाजू शिवायची राहिली."

तो पट्ट्याला हात लावेना.

"जुना कापूस बसला होता म्हणून दिला होता," तो म्हणाला. "दोन दिवसांनी ने म्हणाल्या. मी आलो होतो आप्पा न्यायला. दारात माणसं होती."

"मग मागायचा की."

"कुणाला मागू? काकूंना भिंतीशी बसवलं होतं. त्यात मी पट्टा मागू?"

"नंतर?"

"नंतर तुमचं दुकान बंदच होतं."

"नांदेडला तरी तोंड उघडायचं!"

तेव्हा त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं. आणि मला ते सगळं आठवलं. पहिल्या सामन्याआधी पंचानं सगळ्यांना उभं करून तपासलं होतं. बसवंतच्या गळ्यात लिंगाची चांदीची डबी होती. पंच म्हणाला, धातूचं काही चालणार नाही. मी पुढं झालो आणि म्हणालो, डबी काढ, लिंग रुमालात बांध, रुमाल गळ्यात. पंच खूश, मी खूश. बसवंत म्हणाला होता, "आप्पा, ते..." मी म्हणालो, "ते काय?" तो म्हणाला, "काय न्हाई."

"परभणीच्या वेळी एकदा पडलो मी," बसवंत सांगायला लागला. "रुमाल छातीखाली आला. कट्ट असा आवाज झाला. मला वाटलं फुटलं. गोल झाला तिकडं माझं ध्यानच न्हाई. मध्यंतरात भिंतीआड जाऊन सोडून बघितलं. फुटलं न्हवतं, वरचा काळा लेप जरासा उडाला होता. त्याच्यानंतर पाय उचलंचना आप्पा. पडायचं म्हणलं की अंगच ऐकंना."

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ए बसवंत, घागरी सरकव, न्हाईतर बाहेर काढीन!" त्याची आई बसम्मा घरातून धावत आली आणि घागरी सरकवत रांगेत उभी राहिली. तिनं मला लांबूनच हात जोडले. तिनं हात जोडलेले मला बघवेनात.

"मला किती दिलात?" बसवंतनं विचारलं.

मी खोटं बोलू शकलो नाही. "शून्य."

त्यानं मान हलवली. "बरोबर हाय. नऊ गोल खाल्ल्यावर..."

"गप बस. उद्या सकाळी मी कचेरीत जातो. जे झालं ते लिहून देतो."

"लिंगाचं लिहू नका आप्पा," तो घाईघाईनं म्हणाला. "तिथं पोलिसाचं साहेब लोक वाचणार. म्हणतील ह्याला देव जड होतो खेळताना. मग पट्टा असला काय अन् नसला काय."

"मग लिहू काय?"

"ते मला काय ठाऊक. पण ते लिहू नका."

सोमवारी कचेरी उघडायच्या आधी मी पायरीवर बसलो होतो. जीप उभी होती, ड्रायव्हर बादलीतल्या तळाच्या पाण्यानं काच पुसत होता. साहेब आले. अहवालाचा लखोटा त्यांच्या टेबलावर होता, बंद केलेला.

"साहेब, तेवढा उघडा. एक शेरा बदलायचाय."

"वीरण्णा, आता? कुणाचा?"

"गोलकीपरचा."

ते हसले. "नात्यातला आहे का?"

"न्हाई."

"मग? तुम्हीच लिहिलंत ना, घाबरतो म्हणून? मी वाचलंय. मला ते पटलं. अठरा गोलांना काहीतरी कारण द्यावंच लागतं. वर त्यांना एक नाव मिळालं की विषय संपतो."

"नाव देतो की साहेब. चुकीचं नाव गेलंय."

साहेबांनी माझ्याकडं नीट बघितलं. बायको गेलेल्या माणसाकडं लोक बघतात तसं. मग लखोटा फाडला आणि कागद माझ्यापुढं सरकवला. "लिहा. पण कारण लेखी पाहिजे. तुमच्या सहीनं."

मी बसवंतच्या नावापुढचं शून्य खोडलं. गुणांच्या जागी लिहिलं, गुण देता येत नाहीत. शेऱ्याच्या जागी लिहिलं, याचं खेळायचं साहित्य व्यवस्थापकाच्या घरी राहून गेलं होतं. व्यवस्थापकानं ते नेलं नाही आणि विचारलंही नाही. साहित्य अंगावर असताना याला खेळताना मी दोन वर्षं बघितलं आहे. याला औरंगाबादला बोलवावं. खाली सगळ्यात शेवटी एक ओळ जास्तीची घातली: वीरण्णा, व्यवस्थापक. शून्य.

साहेबांनी दोनदा वाचलं.

"कसलं साहित्य? हातमोजे?"

"पट्टा हाय एक."

"कमरेचा?"

"दंडाचा."

"दंडाच्या एका पट्ट्यापायी अठरा गोल?"

"हाव साहेब."

"तो राहिला कसा काय तुमच्या घरी?"

मी सांगणार होतो. तोंडही उघडलं. मग म्हणालो, "शिवायला टाकला होता. शिवणारं माणूस गेलं."

साहेबांनी खण उघडला. नव्या लखोट्यात कागद घातला, डिंक लावला. ड्रायव्हरला हाक मारली. मग मला म्हणाले, "गुरुवारी चाचणी आहे तिकडं. बोलावतील असं मी सांगू शकत नाही, पण तार करून बघतो. तुम्ही हे स्वतःवर ओढून घेतलंत, पुढच्या वर्षी तुम्हाला नेमणार नाहीत."

"न्हाई नेमलं तरी चालतंय."

तार मंगळवारी दुपारी आली. बसवंतला बोलावलं होतं. बुधवारी सकाळच्या गाडीनं त्याला निघायचं होतं, आणि पट्टा अजून तसाच होता.

कमलम्मा म्हणाली, द्या, मी दोन मिनिटांत शिवते. मी दिला नाही. मशीनजवळ बसलो. उमाबाईची सुई होती तिथंच टोचलेली होती. ती ओढून काढायला बराच वेळ लागला, तशी ती काही घट्ट नव्हती. तिचा शेवटचा टाका बारीक होता. त्याच्यापुढं माझे टाके बारदानाच्या तोंडाला घालतात तसले पडले. पण पक्के होते. बारदान मी तीस वर्षं शिवलेलं आहे.

मग फडताळातून तिच्या हातचे पापड काढले. छोटे निवडले. एक पिशवीत घातला आणि पट्टा भिंतीवर आपटला. उघडून बघितलं. तुटला होता. टाके उसवले, थोडा कापूस घातला, पुन्हा शिवलं. दुसरा तुटला. शेजारची रत्नम्मा दारात येऊन बघून गेली. तिसरा तुटला, चौथा तुटला. हाताला घाम आला. पाचव्याला नुसती एक चीर गेली. तोही तुटलाच धरला.

सहावा मी जोर लावून आपटला. दोनदा, तीनदा. बाहेर काढला तर अख्खा होता.

संध्याकाळी बसवंत आला. पट्टा दंडाला बांधून बघितला. हात वर केला, खाली केला, भिंतीवर खांदा आपटला. माझ्या पाया पडला आणि गेला.

मी ताट वाढून घेतलं. ते तुटके पाचही पापड भाजले, आणि तुकडा तुकडा करून खाल्ले.